जिजाऊंचं माहेर : सिंदखेडराजाचा वाडा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघत आहे आणि समितीनं आम्हालाही लेख लिहायला सांगितला. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. कीर्तनात दोन तास उभं करा, बोलू. पण कागदावर ओळ सरळ येत नाही. गावातली शिकलेली पोरं म्हणाली, "महाराज, तुमी सांगा, आमी उतरून घेतो." तसंच हे झालं. काही आम्ही लिहिलं, काही सांगितलं. चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

दिंडीचा इतिहास, मागचे विणेकरी, मुक्काम, पंगतीचे मानकरी हे सगळं दुसऱ्या मंडळींनी लिहिलंच आहे. आम्ही एका घराबद्दल लिहितो. ते घर आपल्या शिरपुरातलं नाही, सिंदखेडराजाचं आहे. राजे लखुजी जाधवराव यांचा तो वाडा, आणि राजमाता जिजाऊंचं ते माहेर. पण हे सांगता सांगता शेवटी आपल्याच गावातल्या एका घरापाशी यावं लागणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की महाराजांनी पूर्वरंग एक लावला अन् उत्तररंग दुसराच केला.

आषाढीचा गोपाळकाला झाला की आपली दिंडी परत फिरते. जाताना पायी, येताना ट्रकनं. जालना मागं टाकलं की सिंदखेडराजा येतं. मुंबई-नागपूरच्या जुन्या रस्त्याला लागूनच वाड्याचा दरवाजा आहे. इतक्या वर्षांत आम्ही तिथून कितीदा गेलो असू! ट्रकमधूनच हात जोडायचे, 'जिजाऊ मासाहेब की जय' म्हणायचं, अन् ट्रक पुढं. चहाला उतरलो तरी रस्त्याच्या अल्याडच. मागच्या परतीला मात्र तिथंच टायर बसलं. ड्रायव्हर म्हणाला, दोन घंटे लागतात. पाऊस भुरभुर होता. मंडळी म्हणाली, चला, एकदा आत तर जाऊन पाहू.

जाधवराव कोण

आत जायच्या आधी घरधन्याची ओळख करून घ्यावी. जाधवराव हे देवगिरीच्या यादवांच्या कुळातले म्हणून ओळखले जातात. यादव हे नाव वारकऱ्याला परकं नाही. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके 1212 मध्ये, त्या वेळी यादवांचे रामदेवराय राज्यावर होते. पंढरपूरच्या देवळात चौऱ्याऐंशीची शिळा आहे. तिला पाठ लावली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असं म्हणत आपण सगळ्यांनी तिथं पाठ घासलेली आहे. त्या शिळेवर देवळाला कोणी काय दान दिलं ते कोरलेलं आहे, आणि ते लेखन रामदेवरायाच्याच काळातलं. आपण पाठ घासतो तो यादवांच्या काळातला दानाचा कागदच आहे, फक्त दगडावरचा.

देवगिरीचं राज्य गेलं. नंतर बहामनी आले, त्यांचे तुकडे होऊन निजामशाही, आदिलशाही झाली. अशा काळात सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीतले मोठे सरदार झाले. मधे ते मोगलांकडेही गेले होते. त्यांच्या पोटी 12 जानेवारी 1598 रोजी, पौष पौर्णिमेला, जिजाऊंचा जन्म झाला, तो या वाड्यात.

पाणी आधी, घर मग

आम्ही कास्तकार माणूस. कुठंही गेलो की आमची नजर आधी पाण्याकडं जाते. या भागात पाऊस बेभरवशाचा, जमीन उताराची, खाली काळा दगड. अशा ठिकाणी नुसता वाडा बांधून राजेपण चालत नाही. वाड्यात माणसं, घोडे, हत्ती. बाहेर बाजारपेठ, शिपाई, कारागीर. एवढ्यांना पाणी कुठून पाजायचं?

सिंदखेडराजाला मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे. मोती तलावाचा बांध पाहिला तर किल्ल्याची भिंत वाटते, इतकं ते काम भक्कम. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत उभी आहे. पुतळा बारव म्हणून एक बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्यात मूर्ती कोरल्या आहेत म्हणून तिला पुतळा बारव म्हणतात. सजना बारव आहे. नीलकंठेश्वराच्या देवळापुढं तळापर्यंत चारी अंगांनी पायऱ्या उतरलेली चौकोनी बारव आहे. त्या देवळाच्या दगडी चौकटीवर, लखुजीराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, असा लेख कोरलेला आहे. देऊळ त्यांच्याही आधीचं, जुनं. म्हणजे राजानं स्वतःसाठी नवं बांधलं तसं मागच्यांचं पडकं सावरलंही. ही गोष्ट आम्ही गाठीला बांधून आणली आहे, पुढं कामी येणार आहे.

आमच्या संगं दिंडीतली एक म्हातारी होती. तिनं बारवेत डोकावून पाहिलं अन् म्हणाली, "महाराज, राजाच्या घरी बी पाणी दूरच होतं वो. कोन्या तरी बाईच्या डोक्यावरूनच येत असन."

खरं आहे. इतिहासात घागरीचं नाव येत नाही, पण घागरीशिवाय एकही वाडा चालला नाही.

वाडा कसा आहे

आता दरवाजा. त्याला महाद्वार म्हणतात ते उगाच नाही. कमान इतकी उंच की अंबारीसकट हत्ती आत जावा. भुईकोट वाडा आहे हा, म्हणजे डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर. डोंगराच्या किल्ल्याला डोंगर राखतो. भुईवरच्या घराला त्याची भिंत अन् त्याचा दरवाजाच राखतो. म्हणून दरवाजावर एवढा खर्च.

त्या काळच्या सरदाराच्या वाड्याची एक रीत असते. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना देवड्या, तिथं पहारेकरी बसणार. आपल्या गावाकडं तिलाच ढेलज म्हणतात. देवडी ओलांडली की चौक. चौकाच्या भोवती ओसऱ्या. पुढं सदर, तिथं कारभार, न्यायनिवाडा, हिशेब. तिच्या मागं माजघर, देवघर, बायकांचा वावर. सगळ्यात आत बाळंतिणीची खोली, जिथं वारा लागत नाही अन् परका माणूस पोचत नाही. बाहेरून आत जाताना पायरी-पायरीनं परकेपण गळत जातं. पाहुण्याची जागा ओसरीत, कुळाची सदरेत, जावयाची माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. लेकीची कुठंही.

सिंदखेडच्या वाड्यात आज ही सगळी मांडणी उभी राहिलेली नाही. बराचसा भाग वरून उघडा आहे. जोती आहेत, जाड भिंती आहेत, कमानी आहेत, खाली तळघरं आहेत. जन्मस्थानी जिजाऊंची मूर्ती आहे. दर 12 जानेवारीला तिथं पूजा होते, आणि त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रातून माणूस लोटतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र पावसामुळं कोणी नव्हतं. आपली पंधरा-वीस मंडळी, अन् भिंतीच्या सांदीत पारवे.

पडक्या घराची एक गोष्ट चांगली असते. ते कसं बांधलं ते दिसतं. उभ्या घरात सगळं गिलाव्याखाली झाकलेलं असतं. दगड, वीट आणि चुना ही या वाड्याची तीन धातूंची काया. चुना कसा करत ते आम्ही लहानपणी जुन्या गवंड्याकडून ऐकलेलं. चुनखडी भट्टीत भाजायची, पाणी घालून विझवायची, मग घाणीत टाकायची. घाणी म्हणजे जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक, अन् चाकाला बैल. वाळू टाकून दळत राहायचं. जितके फेरे जास्त तितका चुना चिकट. सिमेंट एका दिवसात धरतं. चुना हळूहळू, हवा खात, वर्षानुवर्षं दगड होत जातो. म्हणून चारशे वर्षांची भिंत आजही नखानं खरवडत नाही.

भिंत जाड का? शत्रूसाठी, हे तर आहेच. पण वैशाखात आपल्या वऱ्हाडात ऊन कसं पडते ते सांगायला नको. जाड भिंत दिवसभराचं ऊन आत येऊ देत नाही, अन् रात्री दारं उघडली की थंड होते. तळघर त्याहून थंड. आता आपण पत्र्याखाली बसतो अन् कूलर लावतो.

मग एवढ्या भक्कम वाड्याचं छप्पर का राहिलं नाही? हे आम्हाला तिथं उभं राहून कळलं. आपल्या शिरपुरात पवळीचं जुनं देऊळ आहे, ते दगडाचं. त्याची भिंत दगडाची, खांब दगडाचे, वरचं झाकणही दगडाचंच. दगडाला उधई लागत नाही. घराचं तसं नसतं. घराच्या भिंती कितीही भक्कम असल्या तरी पोटात लाकूड असतं. खांब, तुळया, कड्या, पाटाई. लाकडाला उधई खाते, पाणी कुजवते. एक कडी गेली की वरची माती ढासळते. तिथून पाणी भिंतीच्या पोटात शिरतं. कावळा पिंपळाचं बी आणून टाकतो, त्याचं मूळ सांध्यात जातं. मग चुना कितीही चांगला असो. तलवारीनं पडलेले वाडे मोजके. गळक्या छपरानं पडलेले गावोगावी आहेत. अन् छप्पर गळते केव्हा? घरात राहणारं माणूस निघून जाते तेव्हा.

रंगमहाल आणि तो दिवस

वाड्यात एक दालन रंगमहाल म्हणून दाखवतात. तिथली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रंगपंचमी होती. वेरुळचे मालोजीराजे भोसले आपल्या शहाजीला घेऊन आले होते. शहाजी अन् जिजाऊ, दोघं लहान, एकमेकांवर रंग टाकू लागले. लखुजीराजे कौतुकानं बोलून गेले, जोडा कसा शोभतो! मालोजीराजांनी उठून सांगितलं, मंडळी, ऐकलं ना, सोयरीक झाली. बखरीत ही गोष्ट येते, कीर्तनात आम्हीही सांगतो, लोक हसतात. 1605 साली लग्न झालं. जिजाऊ तेव्हा सात-आठ वर्षांच्या.

पण या घराची पुढची गोष्ट हसायची नाही. निजामशाहीच्या दरबारात एकदा खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्या गर्दीत जाधव अन् भोसले एकमेकांवर तलवारी घेऊन धावले. लखुजीराजांचा मुलगा दत्ताजी मारला गेला, तो शहाजीराजांच्या चुलतभावाच्या, संभाजीच्या हातून. लखुजीराजे उलट फिरले, त्यांनी त्या संभाजीला मारलं, अन् खुद्द जावई शहाजीराजे जखमी झाले. जिजाऊंनी रडावं कोणासाठी? भाऊ गेला, दीर गेला, नवरा जखमी, अन् घाव घालणारा बाप.

पुढं 25 जुलै 1629 ला दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहानं लखुजीराजांना दरबारात बोलावलं, आणि दगा करून मारलं. एकट्याला नाही. त्यांचे मुलगे अचलोजी अन् राघोजी, आणि नातू यशवंतराव. यशवंतराव हा त्या दत्ताजीचाच मुलगा. एका दिवसात एका घरातली तीन पिढ्यांची चार माणसं गेली. लखुजीराजांची पत्नी म्हाळसाबाई, भाऊ जगदेवराव अन् उरलेली माणसं कशीबशी निसटून सिंदखेडला पोचली.

माउली, आम्ही वाड्याच्या त्या दरवाजात उभे होतो तेव्हा हेच डोळ्यांपुढं आलं. याच दरवाजानं लग्नाची वरात गेली असेल, अन् याच दरवाजात ती माउली चार मढ्यांची बातमी घेऊन परत आली असेल. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. पुढं सात महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1630 ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले. आपल्याकडं बाळंतपण माहेरी करायची रीत. या माउलीला मात्र बाळंतपणाला किल्ला मिळाला. आम्ही कीर्तनात शिवजन्म लावतो तेव्हा पाळणा म्हणतो, ढोल वाजवतो. या पुढं पाळणा म्हणायच्या आधी क्षणभर थांबायचं, असं आम्ही तिथंच ठरवलं.

जगदेवरावांच्या काळात सिंदखेडला काळाकोट नावाचा किल्ला बांधायला घेतला होता. त्याच्या भिंती वीस फूट रुंद. काम अर्धंच राहिलं. ज्या घरातली चार माणसं दग्यानं गेली, त्या घराला एवढी जाड भिंत लागावी यात नवल नाही.

जिजाऊंची घरं

जिजाऊ आयुष्यभर घरं बदलत राहिल्या. माहेर सिंदखेडला, बाळंतपण शिवनेरीला. मग पुण्याला लाल महाल, तिथं त्यांनी शिवबांना वाढवलं. तो जुना लाल महाल आज नाही. आत्ता पुण्यात आहे तो पुणे महापालिकेनं नंतर, 1988 साली पुरा केलेला. शेवटी रायगडाच्या पायथ्याला पाचाड. म्हातारपणी गडावरची हवा सोसेना म्हणून शिवरायांनी त्यांना तिथं वाडा बांधून दिला. 6 जून 1674 ला लेकाचा राज्याभिषेक पाहिला आणि 17 जूनला, अकराव्या दिवशी, त्यांनी पाचाडला देह ठेवला. समाधी तिथंच आहे.

घरांचं नशीबही माणसासारखंच असते. 1757 च्या डिसेंबरात याच सिंदखेडला मराठ्यांची अन् निजामाची लढाई झाली. जाधवरावांचे वंशज रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूला होते, ते सिंदखेडात कोंडले गेले, आणि वेढा घालणाऱ्या फौजेत पेशव्यांचे विश्वासराव होते, दत्ताजी शिंदे होते. ज्या घरच्या लेकीनं स्वराज्य उभं करायला शिकवलं, त्याच घराला स्वराज्याच्या फौजेचा वेढा. पुढं 1853 ला वऱ्हाड इंग्रजाच्या ताब्यात गेला. जहागिरी आटल्या, घोडे गेले, माणसं पांगली. घर मागं राहिलं.

आता एक नवलाची गोष्ट. वाड्यापासून जवळच लखुजीराजांची समाधी आहे. फार मोठी इमारत आहे. हिंदू राजाची एवढी मोठी समाधी दुसरीकडं नाही, असं लोक सांगतात. 2024 साली जून महिन्यात तिथं पुरातत्त्व खात्याचं दुरुस्तीचं काम चाललं होतं. खोदता खोदता आधी शिवपिंड लागली, जुन्या देवळाचा पाया लागला, अन् त्याच्याही खाली, सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. सुमारे पावणेदोन मीटर लांब, एक मीटर उंच. देव शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे, अन् पाठीमागच्या शिळेवर समुद्रमंथन कोरलेलं. आषाढी एकादशीला देव झोपतात म्हणून आपण देवशयनी म्हणतो. हे देव किती आषाढ्या तिथं मातीत झोपून होते! वर राजाची समाधी, खाली झोपलेला देव, अन् वरून आपण दरवर्षी ट्रकनं जातो.

हे आम्ही सांगतो ते चमत्कार म्हणून नाही. ते लोक शोधायला गेले नव्हते, डागडुजी करायला गेले होते. जुनं सावरायला हात घातला म्हणून ते हाती लागलं. समाधी पाडून नवी बांधायला जेसीबी लावला असता तर काय हाती लागलं असतं, ते तुम्हीच मनात आणा.

आता आपलं घर

टायर बदलून झालं, ड्रायव्हरनं हाका मारल्या, आम्ही ट्रकमध्ये बसलो. शिरपूर येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मंडळींना वाटलं महाराज थकले. थकलो नव्हतो. आम्हाला आमचं घर आठवत होतं.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. पाच खणाचं. सागाचे खांब, वर पाटाई, त्यावर पांढऱ्या मातीचं धाबं. भिंत दोन हात जाड. ओसरीत बंगई. आमच्या आजानं बांधलेलं. दरवर्षी मृग लागायच्या आत धाब्यावर नवी पांढरी माती टाकायची, चोपायची, हे काम आम्ही पोरं असताना करत होतो. पुढं बाबा गेले, आम्ही कीर्तनाला गावोगाव हिंडू लागलो, दोन वर्षं माती टाकणं राहून गेलं. मधला खण गळू लागला. मोठ्या लेकीचं लग्न निघालं, नापिकीचं साल होतं. आम्ही घर पाडलं. सागाचे खांब विकले, त्यात लग्न झालं. भिंतींची पांढरी माती वावरात टाकली; पीक चांगलं आलं, खोटं कशाला बोलू. जागेवर दोन खोल्या अन् स्लॅब झाला.

लेक मांडव-परतणीला आली. नव्या घरात इकडून तिकडं फिरली. ती लहान असताना एका दिवळीत आपल्या बांगड्या अन् चिंचोके ठेवत होती. ती म्हणाली, "बाबा, माही दिवळी कुठं गेली?" आम्ही हसून काहीतरी बोललो. आज ती नातवंडांची आजी होईल इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आमच्या कानातून गेलं नाही. लेकीचं लग्न करायला आम्ही लेकीचं माहेर विकलं. परिस्थिती होती, हे खरं. पण दोन वर्षं धाब्यावर माती टाकली नाही ही परिस्थिती नव्हती, तो आमचा आळस होता.

वारकरी पंढरीला माहेर म्हणतो. का म्हणतो? तिथं आपली ओळख सांगावी लागत नाही. वीट तीच, देव तोच, नामदेव पायरी तीच. कोणी म्हटलं की पायरी जुनी झाली, काढून गुळगुळीत फरशी बसवू, तर आपण ऐकून घेऊ का?

तर माउली, आता सांगायचं ते सांगतो. आपल्या दिंडीचा वीणा शंभर वर्षं ज्या वाड्यातून निघतो, तो वाडा आता गळतो आहे. मागचे दोन खण बसले आहेत. तो पाडावा अन् तिथं स्लॅबचा मोठा हॉल करावा, असं बैठकीत ठरत आलं आहे. त्या बैठकीत पाडा म्हणून सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं? आम्हीच. "जुन्याचा मोह धरू नये, माणसाला सावली पाहिजे," असं आम्ही म्हणालो, अन् लोकांनी माना डोलावल्या, कारण महाराज बोलले. तो आमचा शब्द आम्ही या लेखात परत घेतो. बैठकीत बोललेलं परत घ्यायचं तर सगळ्यांपुढंच घ्यावं.

हॉल नको असं आमचं म्हणणं नाही. पंगतीला जागा लागते, बायांना उतरायला कोरडी जागा लागते. तो मागच्या परड्यात बांधावा, तिथं जागा आहे. पडलेले दोन खण उतरवून घ्यावे, पण त्यांचं चांगलं लाकूड विकू नये, पुढच्या खणांच्या दुरुस्तीला वापरावं. ढेलज, ओसरी, अन् वीणा ज्या खणात राहतो तो खण, एवढं मात्र आहे तसं ठेवावं. कड्या बदलाव्या लागतील तिथं बदलाव्या. उधईचं औषध करावं. धाब्यावर पांढरी माती, जशी होती तशी. लागणारा पैसा शताब्दीच्या वर्गणीतून निघू शकतो. मंडपाचा अन् लाऊडस्पीकरचा खर्च थोडा कमी करू.

आणि एक नेम धरावा. दरवर्षी मृगाच्या आत एक दिवस प्रत्येक घरचा एक माणूस त्या धाब्यावर यावा. टोपलंभर माती आणावी, टाकावी, चोपावी, भाकर खाऊन घरी जावं. पायी वारी जशी चुकवायची नसते, तशीच ही एक दिवसाची वारी. लखुजीराजांच्या वाड्याला चुना होता, दगड होता, हत्ती जाईल असा दरवाजा होता. पण दरवर्षी वर चढून माती टाकणारं माणूस राहिलं नाही. आपल्या वाड्याला ना दगड आहे ना चुना. माणसं मात्र आहेत, शंभर वर्षांची सवय असलेली.

पुढच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांना पटलं नाही त्यांनी तिथं बोलावं, आम्ही ऐकून घेऊ. आम्ही आता पासष्टीच्या पुढं आहोत, शिडी चढायला भ्या वाटते. पण पहिलं टोपलं आम्हीच नेणार, एवढं लिहून ठेवतो. आमची लेक म्हणाली आहे की ती बी येईल.

राम कृष्ण हरी.